एकेचाळिसावा खांदा

फार जुनी गोष्ट आहे, मंडळी. किती जुनी, ते मला विचारू नका. ज्याने मला सांगितली त्यालाही ठाऊक नव्हतं. डोंगराच्या माथ्यावर एक पठार होतं आणि त्या पठारावर प्रभूला मानणाऱ्या मेंढपाळांची एक वाडी होती. माणसं मोजून चाळीस. मोजून म्हणजे खरोखरच मोजून, कारण या वाडीला मोजण्याचं वेड होतं.

वेड म्हटलं तरी त्याला कारण होतं. त्या पठारावर धुकं असं उतरायचं की भर दुपारी स्वतःचा हात दिसू नये. पूर्वी कधीतरी अशाच धुक्यात माणसं दरीकडे चालत गेली आणि कुणाच्या लक्षातही आलं नाही. तेव्हापासून रीत पडली. रविवारी प्रार्थनाघराच्या दारात वाडीचा गणतकार उभा राही. दार बुटकं, त्यामुळे माणूस वाकूनच आत शिरे. गणतकार प्रत्येकाच्या खांद्यावर हात ठेवी, 'आपला' किंवा 'आपली' म्हणे आणि दुसऱ्या हातातल्या दोराची एक गाठ पुढे सरकवी. दोराला गाठी चाळीस. मूल जन्मलं की गाठ घालायची, माणूस गेलं की सोडायची. शेवटची गाठ गणतकाराची स्वतःची. ती हातात आली की तो स्वतःच्याच खांद्यावर हात ठेवून 'आपला' म्हणे आणि दार लावून घेई.

त्या वेळचा गणतकार होता शांतवन. नाव शांतवन, पण गळा असा की हाक मारली तर पलीकडच्या कड्यावरची घारही उडावी. बायको वारलेली, पोरबाळ नाही. तीस वर्षांत त्याची मोजणी एकदाही चुकली नव्हती आणि हे तो दिवसातून एकदा तरी कुणाला ना कुणाला ऐकवत असे. ज्याला ऐकवत असे तो बिचारा मान डोलवी. करतो काय!

शांतवनाच्या घरात सोनकी नावाची एक बाई राहत होती. चार वर्षांपूर्वी दरीतून तापाने फणफणलेली वर आली होती. शांतवनाच्या बायकोने तिला उचलून घरात घेतलं, बरं केलं आणि पुढच्याच पावसाळ्यात स्वतः डोळे मिटले. सोनकी राहिली. ती शांतवनाला बाबा म्हणे, त्याचं घर सांभाळी, त्याचं ओरडणं ऐकून घेई. तिचा आवाज एवढा हळू की बुजरी मेंढरंसुद्धा तिच्याजवळ येऊन उभी राहत. प्रभूचं नाव ती मनापासून घेई. पण दोराला तिची गाठ नव्हती.

"बाबा, यंदा तरी घालतील का हो माझी गाठ?" ती दरवर्षी विचारी.

शांतवन वाडीच्या वडिलांना विचारी. वडील म्हणजे मंडळीतला सगळ्यात मानाचा माणूस, त्यांच्या शब्दाबाहेर कुणी नाही. वडील म्हणत, "ती दरीतली. तिची आई कोण, बाप कोण, कुणाला माहीत? पुढच्या वर्षी बघू." आणि रविवारी सगळे आत प्रार्थना करत, तेव्हा सोनकी बाहेरच्या दगडावर दवात भिजत बसून राही आणि बंद दाराआडची गाणी ऐके. वाडीतल्या कुणाला त्यात काही वावगं वाटत नसे. आपल्याला तरी रोजच्या गोष्टींत वावगं कुठे दिसतं?

तर एका रविवारी असं झालं.

धुकं दाट होतं. शांतवन दारात उभा. खांदे येत होते, गाठी सरकत होत्या. आपला, आपली, आपला. शेवटची गाठ त्याच्या बोटांत आली. तो स्वतःच्या खांद्याकडे हात नेणार, एवढ्यात धुक्यातून कुणीतरी वाकून दारात आलं आणि सवयीने त्याचा हात त्या खांद्यावर पडला. "आपला," तो म्हणून गेला. खांदा आत गेला.

शांतवनाने दोर चाचपला. गाठी संपल्या होत्या. त्याच्या स्वतःसाठी गाठच उरली नव्हती.

त्याच्या पाचावर धारण बसली. तळव्याला अजून त्या खांद्याचा स्पर्श होता. हाडकुळा खांदा, वर घोंगडी, आणि घोंगडी दवाने चिंब. इतर कुणाचीही घोंगडी एवढी भिजलेली नव्हती. आतून हन्नाबाईने विचारलं, "गणतकार, पानं किती मांडू?" प्रार्थनेनंतर प्रीतिभोजन असे, आणि दारातला आकडा ऐकून हन्नाबाई पत्रावळी मांडत असे.

"एकेचाळीस," शांतवनाच्या तोंडून निघालं.

सगळे बसले. दिवे लावून चेहरे पाहिले, एकूण एक ओळखीचे. चाळीस चेहरे, आणि भिंतीकडेला एक पान मोकळं. वडील म्हणाले, "म्हातारपणी मोजणी चुकली वाटतं." दोघेतिघे हसले. मग डोळे मिटून प्रार्थना झाली, डोळे उघडले, आणि हसणाऱ्यांची दातखीळ बसली. त्या मोकळ्या पानावरची भाकर मधोमध मोडलेली होती.

पुढच्या रविवारी पुन्हा तेच. त्याच्या पुढच्या रविवारीही. भर सकाळी, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. खांदे एकोणचाळीस, मग एक ओला खांदा, आणि भिंतीकडची ती जागा.

आता एवढं सांगायला हवं की त्या एकेचाळिसाव्याने कुणाचं काही वाकडं केलं नाही. ना आरडाओरडा, ना सावली, ना पाऊल वाजलं. उलट त्या तीन रविवारांत तान्ही पोरं प्रार्थनेत रडली नाहीत, आणि एकमेकांचं तोंड न पाहणारे दोन सख्खे भाऊ एका पानावर जेवले. पण भ्यालेल्या माणसाला बरं झालेलं दिसत नाही. त्याला नुसतं मोजता न येणारं दिसतं.

वडिलांनी उपाय सुरू केले. वाडीतला सगळ्यात चावरा कुत्रा आत सोडला. तो दात विचकत भिंतीकडे धावला, तिथे एकदम थांबला, मग पोट जमिनीला टेकवून बसला. त्याचे कान मागे गेले, डोळे मिटले. कुणीतरी त्याच्या मस्तकावरून हात फिरवत असावं असं सगळ्यांना दिसत होतं. नंतर मिरच्यांची धुरी केली. माणसं खोकून खोकून बाहेर पळाली आणि धूर त्या जागेला वळसा घालून गेला. मग काठ्या आपटल्या, शिव्या दिल्या, प्रभूचं नाव घेऊन हाकललं. प्रभूचं नाव घेऊन, बरं का! आणि सगळे पुन्हा आत शिरताना मोजले, तर एकेचाळीस.

वाडीत कुजबुज सुरू झाली. गणतकारासाठी गाठ उरत नाही म्हणजे जास्तीचा कोण? शांतवन विहिरीवर गेला की बोलणं थांबे. पोरं त्याच्या सावलीवर पाय पडू देत नसत. शांतवनाला झोप येईना. ज्या माणसाने तीस वर्षं दुसऱ्यांना 'आपलं' म्हटलं, त्याला आता आपलं म्हणायला कुणी नव्हतं.

एका दुपारी वडिलांनी त्याला बोलावलं.

"शांतवन, हे आलंय कुठून ते मला कळलं," वडील म्हणाले. "दाराबाहेर दर रविवारी कोण बसतं? ती दरीतली बाई. दरीतलं जे काही आहे ते तिच्या मागोमाग वर आलंय. तिला हद्दीच्या दगडापलीकडे घालव."

"वडील, ती माझ्या घरातली आहे. भांडणसुद्धा येत नाही हो तिला."

"भांडत नाही, त्याचीच मला भीती वाटते." वडिलांनी आवाज खाली आणला. "आणि हे बघ. मोजणीत जास्तीचं कुणीतरी एक आहे. ती नसेल, तर मग तू आहेस. तुझी गाठ उरत नाही, हे तूच सांगितलंस ना?"

शांतवनाने मान खाली घातली. इथे त्याने बोलायला हवं होतं, मंडळी. मी गोष्ट सांगतो तेव्हा दरवेळी इथे थांबतो, की या खेपेला तरी तो बोलेल. पण तो मुकाट उठला आणि घरी गेला.

सोनकी चुलीपाशी होती. शांतवनाला हळू सांगणं जमणारच नव्हतं. हळू बोलला असता तर रडला असता. म्हणून तो ओरडला. "चल, नीघ! तुझ्यापायी वाडीला भूतबाधा झाली! चार वर्षं खाऊ घातलं, त्याचे हे पांग फेडलेस?" शेजारी ऐकत होते आणि त्यांनी ऐकावं अशीच त्याची इच्छा होती.

सोनकीने हातातलं पीठ झटकलं.

"जाते, बाबा. चुलीवर आंबील आहे, गार करून प्या. तुमच्या घशाला गरम सोसत नाही."

एवढंच. दाराशी तिने घोंगडी घेतली, पिठाची पुरचुंडी घेतली आणि निघाली. शांतवन रीतीप्रमाणे तिच्या मागे हद्दीच्या दगडापर्यंत गेला. ती पलीकडच्या धुक्यात शिरली आणि दिसेनाशी झाली. पण आवाज थोडा वेळ येत राहिला. ती कुणाशी तरी बोलत होती, थांबत होती, पुन्हा बोलत होती. वेड लागलं बिचारीला, असं मनाशी म्हणत तो परत फिरला. आंबील त्याने प्यायली नाही.

रविवार आला. शांतवन दारात उभा राहिला. आपला, आपली, आपला. एकोणचाळीस खांदे आत गेले. शेवटची गाठ बोटांत राहिली. तो थांबला. धुक्यातून कुणीही आलं नाही. त्याने स्वतःच्या खांद्यावर हात ठेवला.

"चाळीस!" तो आत ओरडला. केवढा हर्ष झाला लोकांना! बाया एकमेकींच्या गळ्यात पडल्या. वडिलांनी सगळ्यांसमोर शांतवनाची पाठ थोपटली. हन्नाबाईने चाळीस पानं मांडली आणि चाळीस माणसं बसली. जास्तीचं काही नव्हतं.

मग प्रार्थना सुरू झाली.

वडील बोलू लागले, पण शब्द त्यांच्या तोंडून निघून तिथेच पडत होते. समोरच्याला ओठ हललेले दिसत, अर्थ लागत नसे. गाणं धरलं. चाळीस गळे गात होते आणि प्रत्येकाला फक्त स्वतःचाच आवाज ऐकू येत होता. शेजारी बसलेल्या नवऱ्याला बायको चाचपून बघू लागली. दिवे जळत होते आणि अंगाला थंडी वाजत होती. एक तान्हं रडायला लागलं, मग दुसरं, मग सगळीच. कुणाकडूनही ती गप्प होईनात.

शांतवनाने भिंतीकडे पाहिलं. इतके रविवार ती जागा रिकामी दिसायची. आज ती रिकामी होती.

त्याला तो खांदा आठवला. दवाने चिंब भिजलेला. आत येणारा प्रत्येकजण उबेच्या घरातून उठून येत असे. दवात भिजत कोण बसतं? बाहेरच्या त्या दगडावर बसणारं माणूस भिजतं. म्हणजे जो कुणी आत येत होता, तो आधी तिथे सोनकीजवळ बसून येत होता. तिला आत घेत नव्हते म्हणून तो तिच्यापाशी बसे, आणि मग आत येऊन त्यांच्यात बसे, की कुणाला तरी तिची आठवण व्हावी. कुत्रा सोडला तरी तो बसला. धुरी केली, शिव्या दिल्या तरी बसला. आणि तिला हाकललं, तेव्हा एक शब्दही न बोलता उठून गेला.

"देवा रे," शांतवन म्हणाला. "आपण कुणाला हाकललं!"

तो ताडकन उभा राहिला. "वडील, मी तिला आणायला चाललो."

"डोकं फिरलं का? मोजणी बरोबर आलीय!"

"बरोबर आलीय, म्हणूनच माझी छाती धडधडतेय."

"उंबरा ओलांडलास तर तुझी गाठ सोडून टाकीन, शांतवन. मग तू ना इकडचा ना तिकडचा."

शांतवनाने दोर त्यांच्या पुढ्यात ठेवला. "सोडा," तो म्हणाला आणि बुटक्या दारातून वाकून बाहेर पडला.

बाहेर दुपार होती, पण धुक्यात ती कळत नव्हती. हद्दीचा दगड मागे पडला. "सोनके!" त्याने हाक मारली. धुक्याने ती हाक घेतली आणि चारी बाजूंनी परत त्याच्याच अंगावर फेकली, आणखी खरखरीत करून. तो पुन्हा ओरडला. समोर काहीतरी सरकल्यासारखं वाटलं, एक दगड गडगडत खाली गेला आणि त्याचा तळाशी पोचल्याचा आवाज काही आला नाही. शांतवन जागच्या जागी थिजला. पुढच्या पावलावर जमीन आहे की दरी, हे त्याला कळेना.

तेव्हा त्याला कळलं की आपल्या हाकेने माणूस जवळ येणार नाही. हा आवाज ऐकून ती आणखी लांब पळेल, कारण याच आवाजाने तिला हाकललं होतं. त्याला हळू बोलता येत नव्हतं. कधी बोललाच नव्हता. तो गुडघ्यांवर बसला आणि कसाबसा पुटपुटला, "पोरी, मी चुकलो. मला भीती वाटली गं, म्हणून मी तुला बळी दिलं. आता मला दिसत नाही. असशील तर ओ दे."

"बाबा, उजवीकडे पाऊल टाका. डावीकडे कडा आहे."

आवाज दहा हातांवरून आला. ती ओस पडलेल्या मेंढवाड्याच्या भिंतीआड बसली होती. तो ओरडत आला तेव्हा ती दडली होती, आणखी पुढे हाकलायला आला असं वाटून. शांतवन चाचपडत तिच्यापाशी पोचला. लहानशी शेकोटी पेटलेली होती. तो तिच्या पायांशी कोसळला आणि लहान पोरासारखा रडला. सोनकीने त्याला उठवून शेकोटीजवळ बसवलं.

"एवढे दिवस एकटी राहिलीस, आणि तेही माझ्यामुळे," तो म्हणाला.

"एकटी कुठे होते, बाबा?" ती म्हणाली. तिला यात नवल वाटलेलं दिसलं नाही.

शांतवनाच्या अंगावर काटा आला. त्याने हात तिच्या खांद्यावर ठेवला. चार वर्षांत पहिल्यांदा. "आपली," तो म्हणाला. मग तीस वर्षांच्या सवयीने हात स्वतःच्या खांद्याकडे गेला. पण तो पोचायच्या आधीच तिथे दुसरा एक हात होता.

ओला, हलका हात. सोनकी तर समोर बसली होती आणि तिचे दोन्ही हात शेकोटीवर होते.

शांतवन मागे वळला नाही. तीस वर्षं त्याने वाडीतल्या प्रत्येकाला आपलं म्हटलं होतं, पण त्याच्या खांद्यावर मात्र कधी कुणी हात ठेवला नव्हता. ते काम तो स्वतःच उरकत आला होता. आज कुणीतरी ठेवला होता, आणि न मोजता ठेवला होता. त्याची भीती कुठल्या कुठे गेली. तो तसाच बसून राहिला.

वाडीचं पुढे काय झालं? शांतवन सोनकीजवळ मेंढवाड्यातच राहिला, तेव्हा वडील स्वतः दारात उभे राहू लागले. स्वतःला धरून एकोणचाळीस भरले, मोजणी बरोबर. पण त्या घरात गाणं एकमेकांना ऐकू येईना. आधी हन्नाबाई निघाली, कारण कुणाच्याही पानावरची भाकर गोड लागेना. मग ते दोघे भाऊ गेले. मग तान्ह्यांच्या आया गेल्या, कारण हद्दीपलीकडच्या त्या मेंढवाड्यात पोरं रडायची थांबत. तिथे आपला कोण आणि परका कोण, हे कुणी विचारत नसे. किती आले, तेही कुणी मोजत नसे. मोजलं तरी उपयोग नव्हता, दरवेळी एक जास्तच भरे.

वडील मात्र हलले नाहीत. सोनकी दोनदा हद्दीपर्यंत येऊन त्यांना हळू आवाजात बोलावून गेली. त्यांनी दार लावून घेतलं. अजूनही धुक्याच्या सकाळी त्या पठारावरून गेलं तर म्हणे बुटक्या दारात कुणीतरी उभं दिसतं. ते बराच वेळ वाट पाहतं, मग स्वतःच्या खांद्यावर हात ठेवतं आणि मोठ्याने ओरडतं, "एक!" मोजणी बरोबर असते. कधीच चुकत नाही.

तात्पर्य असं, की ज्या दारातून आपण गरीब जिवाला हाकलतो, त्याच दारातून देवही न भांडता त्याच्यामागे निघून जातो.